सुताराचं कन्फेशन

लाँड्रीवाली बाई माणसाच्या तोंडाकडे कमी आणि खिशाकडे जास्त बघायची. यात तिचा दोष नाही, धंदाच तसला. उभी हयात लोकांचे कपडे धुण्यात गेली, आणि कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे उलटे करायचे हा त्या धंद्यातला पहिला धडा. एखादं विसरलेलं पेन टबभर शर्टांचं वाटोळं करतं. तर असे खिसे उलटे करता करता तिला अर्ध्या वस्तीची लफडी कळलेली. कुणाच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं, आणि बायको तर माहेरी. कुणी दारू सोडल्याचं सगळ्यांना सांगत फिरतोय, आणि खिशात बाटलीचं बूच. ती कधी कुणाजवळ बोलली नाही, पण तिचा माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. नवरा तिला फौजदार म्हणायचा.

नवरा सुतार. हातात करवत असली की बोलायचं नाही आणि नसली की डुलकी काढायची, असा सरळ गडी. त्याच्या खिशात आयुष्यभरात पेन्सिलीचा तुकडा आणि लाकडाचा भुसा यापलीकडे काही निघालं नाही. फौजदाराला एवढा एकच माणूस संशयाबाहेर ठेवता आला होता. म्हातारपणी तोही हातचा जाणार की काय, अशी वेळ आली ती चर्चच्या यात्रेत.

यात्रा म्हणजे जुनी चर्च आणि तीर्थस्थळं बसने फिरायची. सोबत आपले फादर. बसमध्ये माईकवर रोझरी, म्हणजे आळीपाळीने म्हणायची जपमाळ, चर्चमध्ये मिस्साची उपासना, मग जेवण, मग पुढचं चर्च. मिस्साच्या आधी फादर थोडा वेळ कन्फेशनला बसायचे, म्हणजे ज्याला आपली पापं सांगून मोकळं व्हायचंय त्याने व्हावं. लोक पहिल्या दिवशी उरकून टाकतात. एकदा पापं धुतली की यात्रेत नवीन करायला वेळ कुणाला असतो? बाईने पहिल्याच चर्चमध्ये चटकन आत जाऊन, जिभेवर ताबा राहत नाही वगैरे नेहमीचं सांगून, हात झटकले. तिच्यामागून सुतार गेला.

तो बाहेर आला, बाकावर तिच्या शेजारी बसला, आणि त्याने तिचा हात धरला.

आता तुम्ही म्हणाल, बायकोचा हात धरला तर बिघडलं कुठे? अहो, या माणसाने लग्नाच्या फोटोतसुद्धा हात मागे बांधले होते. बाईचे कान लाल झाले. पुढच्या बाकावरच्या बायका बघताहेत की काय म्हणून तिने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण सुताराची पकड ती. डोळे मिटून तो पुटपुटत प्रार्थना म्हणत होता. संपल्यावर त्याने कोटाच्या खिशातून एक छोटं पदक काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. संत अंतोनीचं होतं. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत.

"ठेव तुझ्याजवळ," तो म्हणाला. "तुझं सारखं काही ना काही हरवतं."

तिचं? लाँड्रीत आयुष्यात एक बटण हरवलं नाही तिच्या हातून. ती चिडली, आणि मनातून जराशी सुखावलीही. पदक पर्सच्या आतल्या कप्प्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं चर्च. बाई मेणबत्ती लावून वळते तर सुतार पुन्हा कन्फेशनच्या रांगेत. तिला वाटलं, लाकडाच्या ओढीने गेला असेल. जुनी कन्फेशनची लाकडी खोली दिसली की हा तिच्यावर टकटक करणार, सांध्यांवरून बोट फिरवणार, हे ठरलेलं. पण नाही, पठ्ठ्या गुडघे टेकून आत गेला. चांगला वेळ लावून आला, शेजारी बसला आणि पुन्हा तिचा हात धरला. पुन्हा तेच पुटपुटणं.

तिसऱ्या चर्चमध्येही तेच, आणि चौथ्यातही.

बाईच्या मनात पाल चुकचुकली. काल सगळं सांगून मोकळ्या झालेल्या माणसाला आज पुन्हा सांगण्यासारखं काय घडतं? दिवसभर तो तिच्याच शेजारी तर बसलेला. म्हणजे जुनं काही तरी आहे, आणि ते एवढं मोठं आहे की एका वेळेत सांगून संपत नाही. आणि हा हात धरणं. नवरा अचानक लाडात आला की काय समजायचं, हे लाँड्रीत तिला वीस बायकांनी रडून सांगितलेलं होतं.

ती थेट फादरांकडे गेली. ते बसच्या पायरीवर चहा घेत होते.

"फादर, एखादा माणूस रोज कन्फेशनला का जातो?"

"पापं रोज होतात म्हणून," फादर हसून म्हणाले. पण हसताना त्यांनी तिच्याकडे न बघता कपात बघितलं. कपातला चहा संपलेला होता, हे तिने पाहिलं.

तेव्हापासून तिने डोळ्यांत तेल घालून नवऱ्यावर पाळत ठेवली, आणि पाळत ठेवली की सापडतंच. यात्रेत एक बेकरीवाली होती. नवरा वारलेला, बोलणं गोड, हात गुबगुबीत. सुताराला ‘दादा’ म्हणायची. कुठेही सुतार जरा मागे राहिला की ही त्याला घेऊन हजर. "हे बघा वहिनी, दादा तिकडे पुतळे बघत उभे होते." एकदा झालं, दोनदा झालं. पण चौथ्या चर्चच्या बाहेर, जिथे सगळ्या बस उभ्या होत्या, तिथे बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन बसच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून दोघं बाहेर येत होती. बेकरीवालीने सुताराचा हात घट्ट धरला होता. आणि सुतार दबक्या आवाजात म्हणत होता, "हिला सांगू नका. तुम्हाला शपथ आहे."

बाई बसच्या मागे सरकली. एवढ्या वर्षांचा संसार, आणि या वयात, तेही तीर्थयात्रेत, देवाच्या दारात! राग यायला हवा होता, पण आधी रडू आलं, आणि रडू आलं याचा मग राग आला. तिने पदराने तोंड पुसलं आणि काहीच न झाल्यासारखी बसमध्ये जाऊन बसली. सुतार आला, खिडकीशी बसला, कोट काढून मांडीवर घेतला आणि लगेच घोरायला लागला. असला निर्ढावलेला माणूस आपल्याला इतकी वर्षं कळला कसा नाही, याचं तिला नवल वाटलं.

मग तिने धंद्यातलं काम केलं. कोट हळूच ओढून घेतला आणि खिसा उलटा केला.

पेन्सिलीचा तुकडा निघाला. आणि त्याच्या पाठोपाठ अंतोनीची पदकं, मूठभर, सगळी अगदी एकसारखी. तिच्या पर्समध्ये होतं तसंच प्रत्येक. काहींना दुकानातली कागदाची चिठ्ठीही तशीच लावलेली.

म्हणजे नवऱ्याने तिला जे दिलं ते तिच्यासाठी खास नव्हतंच. मूठभर घेऊन ठेवली होती, वाटत फिरायला. तिने लगेच दोन बाकं पुढे बसलेल्या बेकरीवालीच्या गळ्याकडे पाहिलं. गळ्यात साखळी होती. साखळीला काय आहे ते मागून दिसत नव्हतं. उरलेला सगळा रस्ता बाई त्या साखळीकडे बघत होती, आणि रोझरीत तिच्या वाट्याची प्रार्थना आली तेव्हा तिला सुरुवातच आठवेना. फादरांनी माईकवरून ती हळूच सुरू करून दिली.

यात्रेतलं शेवटचं चर्च सगळ्यांत जुनं. आत शिरताच गारवा, मेणाचा वास, आणि एका बाजूच्या भिंतीला काळ्या लाकडाची भली मोठी कन्फेशनची खोली. मधे फादरांची जागा, दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला एकेक कोनाडा. फादर एका बाजूचं ऐकतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या जाळीवरची फळी सरकवून बंद करतात, म्हणजे इकडचं तिकडे ऐकू जात नाही. सुताराने सवयीप्रमाणे टकटक केली, फळीवर अंगठा दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"डावीकडची फळी वाकलीये," तो बायकोला म्हणाला. "कितीही सरकवा, फट राहणार. असलं काम माझ्या हातून गेलं असतं ना, तर माझ्या बापाने मला जेवायला वाढलं नसतं."

थोड्या वेळाने फादर गळ्यात जांभळी पट्टी घालून मधे जाऊन बसले, आणि सुतार उठून उजव्या कोनाड्यात गेला.

दुसऱ्याचं कन्फेशन ऐकणं म्हणजे काय, हे बाईला लहानपणापासून ठाऊक. पहिल्या कन्फेशनच्या आधी शिकवायला येणाऱ्या सिस्टरने सांगितलं होतं की चोरून ऐकणाऱ्याचे कान मरेपर्यंत वाजत राहतात. तरी ती उठली. चार जण बघत असताना, कन्फेशनला निघालेल्या बाईसारखी मान खाली घालून डाव्या कोनाड्यात शिरली, पडदा ओढला, गुडघे टेकले आणि वाकलेल्या फळीच्या फटीला कान लावला.

"...गेलं कन्फेशन होऊन बरेच महिने झाले, फादर," सुताराचा आवाज आला. "उपवासकाळात गेलो होतो बहुतेक. त्यानंतर नाही."

धडधडीत खोटं, आणि तेही इथे? कालच तर गेला होता हा. त्याआधीच्या दिवशीही.

फादर आता झापणार, असं तिला वाटलं. पण फादर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बरं. सांगा."

"मी बायकोवर संशय घेतो."

बाईने कान आणखी लावला. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ती माझ्या वस्तू लपवते, फादर. चष्मा, किल्ल्या, माझा रंधा. मी शोधून शोधून दमतो. मग ती येते आणि एका मिनिटात काढून देते. जिने ठेवलं तिलाच सापडणार ना लगेच? हल्ली माझ्या मागे मागे असते. माझे खिसे तपासते. मला वाटतं, मला खुळा ठरवायचा बेत आहे हिचा. लोकांदेखत काही बोलत नाही मी, पण मनात येतं. आणि ती तर चांगली आहे हो. माझ्यासाठी जन्मभर खपली. म्हणून हे पाप वाटतं मला. आज तिच्यासाठी एक पदक घेतलंय अंतोनीचं, द्यायचंय अजून."



"आणखी काही?" फादरांनी विचारलं.

"नाही. एवढंच मनाला लागलंय. कुणाला सांगितलं नव्हतं अजून."

"बायकोच्या शेजारी जाऊन बसा," फादर म्हणाले. "तिचा हात धरा आणि तीन वेळा नमो मारिया म्हणा. हेच तुमचं प्रायश्चित्त."

मग पापक्षमेची प्रार्थना झाली आणि सुताराचे गुडघे कुरकुरत उठले.

बाई तशीच बसून राहिली. तिच्या डोक्यात सगळे दिवस भराभरा उलटे फिरत होते. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की आज पहिल्यांदाच सांगतोय. रोज पहिल्यांदाच. आणि पदकं कुणाला वाटायला घेतलेली नव्हती. ती सगळी तिच्यासाठीच होती. प्रत्येक चर्चच्या दुकानात त्याला पुन्हा पुन्हा नव्याने आठवलं होतं की हिच्यासाठी एक घ्यावं. घरी महिनोन्महिने ती त्याचा चष्मा शोधून देत होती आणि म्हणत होती, वय झालं, व्हायचंच. सगळ्या जगाचे खिसे उलटे केले तिने, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसलं नाही. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. बेकरीवालीशी भांडता आलं असतं. याच्याशी कुणी भांडायचं?

तिच्या बाजूची फळी सरकली. जाळीपलीकडे फादरांचा कान दिसला.

"फादर," ती म्हणाली, "मी नवऱ्यावर संशय घेतला. आणि मी आत्ता सगळं ऐकलं."

फादरांनी मान वळवून जाळीतून पाहिलं. "चुकून?"

"नाही. कान लावून."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "मग ते गुपित आता तुमच्यावरही आलं. इथे ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही. मुलांना नाही, डॉक्टरांना नाही, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. कळतंय ना?"

"मग मी करू काय? तोंड दाबून बसू?"

"त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, बोलू शकत नाही. तुमच्याबद्दल बोलू."

बाईने जाळीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "ऐकलेलं नाही सांगायचं. पण मी बाहेर डोळ्यांनी जे पाहिलं, ते?"

"बाहेर तुम्ही काय पाहिलंत ते तुमचं," फादर म्हणाले. "त्याला कसलीच बंदी नाही." आणि जरा थांबून, "तुमचं प्रायश्चित्त असं. आज त्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही."

फौजदाराला याहून मोठी शिक्षा कुणी दिली नसती.

बाहेर आली तर सुतार समोरच्या बाकावर वेदीकडे बघत बसलेला. ती आधी मागच्या बाकावर बेकरीवालीजवळ गेली. गळ्यातल्या साखळीला साधा क्रूस होता, पार झिजलेला.

"काल बसपाशी तुम्ही यांचा हात धरला होतात," बाई म्हणाली. भांडायचं म्हणून नाही, पण आवाज आपोआप तसाच निघाला.

बेकरीवालीने मान खाली घातली. "दुसऱ्याच बसमध्ये चढून बसले होते वहिनी. आपली बस कोणती ते सांगता येईना. मला म्हणाले, हिला सांगू नका, ती घाबरेल." तिने बाईच्या मनगटावर हात ठेवला. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. तुम्हाला सांगावं की नाही, हेच मला कळत नव्हतं. त्यांनी शपथ घातली ना."

"लवकर कळलं तर काही करता येतं?"

"थोडं येतं. डॉक्टर आहेत त्याचे. वेळ लावू नका मात्र."

बाईने त्या गुबगुबीत हातावर आपला हात क्षणभर ठेवला. मनात किती घाण घाण नावं ठेवली होती हिला, ते सगळं आठवून तिला शरमल्यासारखं झालं. पण ते सांगायला पुन्हा कोनाड्यात जायची तिची तयारी नव्हती.

ती सुताराशेजारी जाऊन बसली. त्याने तिचा हात हातात घेतला. या वेळी तिने ओढून घेतला नाही. तो नमो मारिया म्हणायला लागला तशी तीही त्याच्याबरोबर म्हणायला लागली. त्याने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं आणि हसला. तीन झाल्यावर त्याने कोटाच्या खिशात हात घातला, चाचपडत एक पदक काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"ठेव तुझ्याजवळ. तुझं सारखं काही ना काही हरवतं."

कुठून आणलंत, असं विचारणार होती ती. जिभेवर आलेलं तिने गिळलं. "बरं झालं आणलंत," ती म्हणाली. "मला हवंच होतं." पर्सच्या आतल्या कप्प्यात पदक पडलं तेव्हा पहिल्यावर आपटून वाजलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

त्याने वेदीवरची फुलं बघितली, छताचे वासे बघितले. मग त्याची नजर भिंतीपाशी गेली, त्या काळ्या लाकडाच्या खोलीकडे.

"अगं," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "फादर बसलेत बघ. मी जरा कन्फेशन करून येतो. बरेच महिने झाले."

बाईने तिकडे पाहिलं. रांग केव्हाच संपली होती. सगळे लोक मिस्साची वाट बघत बाकांवर बसले होते. फादर अजून आत होते, जांभळी पट्टी गळ्यात तशीच. ते कुणाची वाट बघत बसलेत, हे आता तिला माहीत होतं.

"जा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"गरम होतंय. कोट धरतेस?"

त्याने कोट काढून तिला दिला आणि उजव्या कोनाड्याकडे गेला, वाटेत थांबून डाव्या फळीवर अंगठा दाबला, तोंड वाकडं केलं, मग पडद्याआड झाला. कोट जड होता. त्यातली पदकं मांडीवर टोचत होती. बाईने खिशाच्या तोंडावर हात ठेवला आणि तो परत येऊन हात धरेपर्यंत तसाच ठेवला.